आई-बाबांना ब्रायटन दाखवायचे आहे: एक दिवस पुरेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनच्या मध्यावर ठाण्याहून आपले आई-बाबा लंडनला येत आहेत, आईंचे गुडघे दुखतात, बरोबर नऊ आणि तेरा वर्षांची मुले असतील, जेवण शाकाहारी हवे, आणि निवृत्त शिक्षक असलेल्या बाबांची एकच इच्छा आहे की, सावरकरांना ‘सागरा, प्राण तळमळला’ ही कविता जिथे सुचली तो किनारा डोळ्यांनी पाहावा. लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परतून हे सारे साधेल का, असे आपण विचारता. गेली चौदा वर्षे मी ब्रायटन ज्यात आहे त्या ससेक्स परगण्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना, त्यांत पुष्कळ मराठी कुटुंबांनाही, घेऊन फिरते आहे. त्या अनुभवावरून सांगते की, एका दिवसात ब्रायटनमधल्या मुख्य वास्तू पाहून होतील, पण बाबा ज्यासाठी एवढ्या लांबून येत आहेत ते मात्र होणार नाही. दोन रात्री राहा.

याचे कारण अगदी साधे आहे. लंडनहून एका दिवसासाठी येणारी माणसे सकाळी दहा-अकराच्या गाड्यांनी उतरतात आणि संध्याकाळी सहा-सातच्या गाड्यांनी परत जातात. उन्हाळ्यातल्या उन्हाच्या शनिवारी या मधल्या काळात किनाऱ्यावर बसायला जागा शोधावी लागते, सगळीकडे गाणी वाजत असतात आणि शेगड्यांचा धूर असतो. जूनमध्ये मात्र इथे पाचच्या आधी उजाडते आणि सूर्य नऊनंतर मावळतो. म्हणजे सकाळचे तीन-चार तास आणि संध्याकाळचे दोन-तीन तास असे रोजचे निदान पाच तास समुद्र जवळजवळ आपल्या एकट्याचा असतो, आणि नेमके तेच एका दिवसाच्या सहलीत हातचे जातात. म्हणून माझा नियम असा की, सकाळ-संध्याकाळ समुद्रावर घालवावी आणि दुपार गावात. त्यातही सोमवार ते गुरुवारमधले दिवस निवडा. गर्दी कमी असते आणि खोल्यांचे दरही उतरलेले असतात.

हे गाव मुळात अशा मुक्कामासाठीच वाढले, हे समजून घेतले तर आपल्याला आखणी सोपी जाईल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ब्राइटहेल्मस्टन नावाचे हे कोळ्यांचे गाव होते आणि वादळांनी व समुद्राच्या आक्रमणाने ते खचत चालले होते. जवळच्या ल्यूइस गावचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी औषध म्हणून सुचवले. रुग्णाने त्यात नुसते बुडायचे नव्हते, तर ते प्यायचेही होते. पुढे ते स्वतः इथे येऊन राहिले आणि त्यांच्यामागे श्रीमंत रुग्णांची रीघ लागली. घोडे जोडलेल्या लाकडी गाड्या पाण्यात नेत आणि आत कपडे बदललेल्या स्त्रियांना तिथल्या धट्ट्याकट्ट्या बायका धरून लाटेत बुडवून काढत. त्यांच्यातली सर्वांत प्रसिद्ध मार्था गन १८१५ मध्ये वारली आणि सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिची कबर आजही आहे. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, पहिल्यांदा इथे आला, त्याला गाव आवडले, आणि मग दरबारी मंडळींनी समुद्राकडे तोंड करून गोलाकार खिडक्यांची पांढरी-पिवळसर घरे बांधली. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि त्यानंतर कारखान्यांतले कामगारही एका दिवसासाठी येऊ लागले. म्हणजे राहायला येणारे आणि एका दिवसासाठी येणारे हा भेद इथे पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

आता किनाऱ्याविषयी, कारण मराठी माणसाचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. ब्रायटनचा किनारा वाळूचा नाही. मुरुड, गणपतीपुळे किंवा कळंगूट मनात ठेवून आलेली मुले फावडे-बादली हातात घेऊन गोट्यांच्या उतारावर उभी राहिलेली मी अनेकदा पाहिली आहेत. हे गोटे गारगोटीचे आहेत. या भागातल्या खडूच्या थरांमध्ये गारगोटीच्या गाठी असतात. लाटा खडू झिजवून नेतात आणि गाठी मागे राहून एकमेकींवर घासत गुळगुळीत होतात. लाट परतताना हजारो गोटे एकदम खाली घरंगळतात आणि त्यांचा जो आवाज येतो तो मला कोकणातल्या कुठल्याच किनाऱ्यावर ऐकायला मिळाला नाही. मुलांना डोळे मिटून तो ऐकायला सांगा. चालण्याच्या दृष्टीने मात्र हे गोटे कठीण आहेत. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गटातल्या एक आजी पाण्याकडे उतरताना घसरून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. मी त्यांना पुढे जाऊ द्यायला नको होते. तेव्हापासून गुडघ्यांचा त्रास असलेल्या कोणालाही मी गोट्यांचा उतार उतरू देत नाही, आणि आपणही आईंना उतरवू नका.

त्यांना समुद्रापाशी नेण्याचा एक चांगला मार्ग आहे. पॅलेस पिअर या समुद्रात शिरलेल्या करमणुकीच्या धक्क्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर एक काँक्रीटचा रुंद बांध सरळ समुद्रात शिरतो. त्याच्या टोकाला मधोमध भोक असलेले, हिरवट रंगाचे एक मोठे गोल शिल्प आहे, म्हणून इथले लोक त्याला ‘डोनट’चा बांध म्हणतात. त्यावरून सपाट चालत टोकापर्यंत जाता येते आणि भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंना पाणी असते. वादळी हवेत तो बंद ठेवतात. एरवी किनाऱ्यावरची माझी सर्वांत आवडती जागा तीच. शिवाय किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता पूर्वेकडच्या मरीनापासून पश्चिमेला होव्हपर्यंत कित्येक किलोमीटर सपाट आहे आणि त्यावर बाके आहेत. होव्हकडची बाजू अधिक शांत आहे, तिथे रुंद हिरवळ आणि रंगीत लाकडी खोपट्यांची रांग आहे. आईंसाठी संध्याकाळी तीच योग्य.

मुले पाण्यात जाणारच, तेव्हा दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे, गोट्यांचा उतार पाण्याखालीही तसाच उतरत जातो, त्यामुळे दोन-चार पावलांतच पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत येते, आणि जूनमध्ये ते आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ थंड असते. आपल्याकडच्या कोमट समुद्रात पोहणाऱ्या मुलांना अशा पाण्यात एकदम शिरल्यावर धाप लागते; त्यांना हळूहळू, श्वास सावरत शिरू द्या. जीवरक्षक हंगामात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पहारा देतात, त्या झेंड्यांच्या बाहेर जाऊ देऊ नका. दुसरी म्हणजे, रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट आधीच विकत घ्या, अनवाणी मुले दहा मिनिटांत कंटाळतात.

बाबांच्या इच्छेकडे वळते. १९०९ सालच्या १ जुलैला मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १७ ऑगस्टला त्यांना फाशी झाली. त्यानंतरच्या महिन्यांत सावरकरांवरची पाळत घट्ट झाली, राहायला जागा मिळणे कठीण झाले, प्रकृतीही ढासळली, आणि अशा अवस्थेत ते ब्रायटनला आले होते. ती कविता त्यांना इथे १९०९च्या डिसेंबरात सुचली, तेव्हा बिपिनचंद्र पाल यांचे पुत्र निरंजन पाल त्यांच्याबरोबर होते. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, त्यांना लंडनमध्ये अटक झाली. हे बाबांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल. मी फक्त जागेविषयी सांगू शकते. अमुक बाकावर किंवा अमुक दगडापाशी असे मी कोणालाही दाखवत नाही. मी किनारा दाखवते, आणि डिसेंबरातला तो किनारा कसा असतो ते सांगते. हिवाळ्यात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. किनारा दक्षिणाभिमुख असल्यामुळे त्या दिवसांत उगवती आणि मावळती दोन्ही समुद्रावरच होतात. पाणी शिशासारखे करडे असते आणि वारा नैर्ऋत्येचा, अंगात शिरणारा असतो. समोरचा समुद्र म्हणजे इंग्लिश खाडी, आणि तिच्या पलीकडे फ्रान्स. आजारी माणसाने त्या थंडीत, त्या करड्या पाण्यासमोर बसून मायभूमीकडे परत ने असे सागराला म्हणावे, यातली आर्तता मला जूनच्या उन्हात कधीच पुरती जाणवली नाही. पहिल्यांदा जाणवली ती जानेवारीतल्या एका दुपारी. म्हणून बाबांना सकाळी सहाच्या सुमारास, गर्दी नसताना, शक्य असल्यास एकट्यांना किंवा फक्त आपल्यासोबत तिथे न्या. मुलांना आणि छायाचित्रांना नंतर भरपूर वेळ आहे.

दुपारची मुख्य जागा अर्थातच रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे त्या युवराज जॉर्जचा महाल, आणि तिथे अडीच-तीन तास द्यावेत. भाड्याच्या शेतघरापासून सुरुवात झालेल्या या वास्तूला १७८७ मध्ये हेन्री हॉलंड यांनी नीटस रूप दिले आणि १८१५ ते १८२२च्या दरम्यान जॉन नॅश यांनी तिच्यावर घुमट, मिनार आणि जाळीच्या कमानी चढवल्या. बाहेरून हिंदुस्थानी आणि आतून चिनी अशी ही वास्तू आहे. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा ती खोटी, नाटकाच्या पडद्यासारखी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ती बांधणाऱ्यांनी हिंदुस्थान पाहिला होता तो मुख्यतः चित्रांमधून. पण भोजनगृहात चांदीच्या ड्रॅगनच्या पंजातून लोंबणारे, सुमारे एक टन वजनाचे झुंबर पाहिल्यावर मुले गप्प होतात, आणि स्वयंपाकघरातले ताडाच्या झाडांसारखे खांब आईंना नक्की आवडतील. संगीत दालनाचे छत मात्र सावकाश पाहा. १९७५ मध्ये कोणीतरी लावलेल्या आगीत हे दालन जळाले, अनेक वर्षे खपून ते पूर्ववत केले, आणि १९८७च्या वादळात मिनारावरचा दगडी गोळा छत फोडून नव्या गालिच्यावर कोसळला. कारागिरांनी ते पुन्हा उभे केले. मुख्य दालने तळमजल्यावरच आहेत, त्यामुळे वरचा मजला आईंनी सोडला तरी फारसे काही चुकत नाही. व्हिक्टोरिया राणीला इथे एकांत मिळेना, म्हणून १८५० मध्ये ही वास्तू गावाने विकत घेतली. राजाच्या चैनीची जागा तेव्हापासून नागरिकांची झाली.

आपल्या दृष्टीने तिची खरी कहाणी त्यानंतरची आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ पासून १९१६च्या सुरुवातीपर्यंत पॅव्हिलियन आणि शेजारची ‘डोम’ ही घुमटाकार इमारत ही रुग्णालये होती. त्या सोनेरी झुंबरांखाली लोखंडी खाटांच्या रांगा लागल्या होत्या. निरनिराळ्या धर्मांचे आणि जातींचे आचार सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे उभारली होती, हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळही वेगळे होते. ऑगस्ट १९१५ मध्ये जमादार मीर दस्त यांना राजाच्या हस्ते व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इथेच. या सगळ्यामागे आपण राजनिष्ठ प्रजेची किती काळजी घेतो हे दाखवण्याचा सरकारचा हेतू होता, हे विसरू नये. पण उपचार झाले आणि माणसे वाचली, हेही खरे. बागेच्या दक्षिण टोकाचे दार हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी आणि लोकांनी दिलेल्या देणगीतून १९२१ मध्ये उभे राहिले. बहुतेक मंडळी त्याच्याखालून निघून जातात आणि त्यावरचा लेख वाचत नाहीत. आपण थांबून वाचा.

जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांपैकी ५३ जणांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केले. दहनाच्या त्या जागी मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी रचलेली पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले, आणि दरवर्षी जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. आपण जूनमध्येच येत आहात, तेव्हा त्याची तारीख आधी पाहून घ्या. ‘छत्री’ हा शब्द आपल्याला समाधिवास्तू म्हणून परिचित आहे, इथल्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो. पण तिथे गाडी जात नाही. गावाच्या उत्तरेकडच्या पॅचम या भागापासून शेतांच्या कडेने, मेंढ्यांच्या कुरणांतून चढणीची वाट आहे, जाऊन-येऊन दोन तास धरावेत. आईंनी हे करू नये. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र अवश्य न्या, आणि बाबांचे पाय चांगले असतील तर त्यांनाही. समुद्र तिथून दूरवर दिसतो आणि वाऱ्याखेरीज आवाज नसतो.

सेंट निकोलसच्या आवाराचा उल्लेख वर आला, तिथेच आणखी एक कबर पाहण्यासारखी आहे. १७५९ मध्ये पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती चालली नाही, म्हणून ते ब्रायटनला आले आणि समुद्रकिनाऱ्यावर वाफेची व मालिशीची स्नानगृहे काढून प्रसिद्धीला पोचले. चौथ्या जॉर्जने आणि त्यानंतरच्या चौथ्या विल्यमनेही त्यांची नेमणूक केली होती. ‘चंपी’पासून झालेला ‘शॅम्पू’ हा शब्द तेव्हा मालिशीसाठी वापरत. १८५१ मध्ये ते इथेच वारले.

मुलांसाठी फार आखणी करावी लागत नाही. १८९९चा पॅलेस पिअर सुमारे सव्वापाचशे मीटर समुद्रात गेलेला आहे, त्यावर पाळणे आणि खेळ आहेत. हंगामात बाहेरच्यांकडून थोडे प्रवेशशुल्क घेतात. त्याच्याजवळून मॅग्नस फोल्क यांनी १८८३ मध्ये सुरू केलेली छोटी विजेची गाडी सुटते, जगातली आजही चालू असलेली सर्वांत जुनी विजेची रेल्वे तीच. १८७२चे मत्स्यालय रस्त्यापलीकडे आहे, ते पावसाच्या दुपारसाठी राखून ठेवा. जुन्या गावाचे अरुंद बोळ एका तासात फिरून होतात. दागिन्यांची दुकाने तिथे अधिक आहेत, तेरा वर्षांच्या मुलाला उत्तरेकडच्या नॉर्थ लेनमधली जुन्या कपड्यांची आणि गाण्यांच्या तबकड्यांची दुकाने अधिक आवडतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी ७७ क्रमांकाच्या बसने डेव्हिल्स डाइक या टेकड्यांमधल्या खोल दरीपाशी जा. जगप्रसिद्ध सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे अर्थातच अधिक भव्य आहेत, पण तिथे बसमधून उतरल्यावर किनाऱ्यापर्यंत सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते आणि खडूचा कडा सूचना न देता ढासळतो, त्यामुळे लहान मुलांबरोबर सतत जागरूक राहावे लागते. डाइकला मात्र बस टेकडीच्या माथ्यापर्यंत नेते आणि आईंना थांब्यापासून थोड्याच पावलांवर उत्तरेकडचा सारा सखल प्रदेश दिसतो.

खाण्याविषयी निश्चिंत राहा, पूर्ण शाकाहारी उपाहारगृहे या गावात इतकी आहेत की निवड करावी लागते. फक्त लक्षात असू द्या की, इंग्लंडमध्ये शाकाहारात अंडे चालते. आई अंडे खात नसतील तर ‘व्हीगन’ पदार्थ मागवा. किनाऱ्यावरच्या बटाट्याच्या चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा तेलाची चौकशी केल्याशिवाय घेऊ नका. घेतल्या तर भिंतीला पाठ लावून खा, कारण इथले मोठे कुरव पक्षी मागून झडप घालून हातातला घास नेतात आणि लहान मुले त्याने घाबरतात. खोली घेताना खिडकीतून समुद्र दिसतो का, हे विचारण्याआधी लिफ्ट आहे का, हे विचारा. समुद्रासमोरच्या जुन्या घरांतल्या निवासांचे जिने अरुंद आणि उभे असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून गाडीने सुमारे एक तास लागतो, पण शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे मध्येच बसने जावे लागण्याची शक्यता असते, मधले दिवस निवडण्याचे हेही एक कारण आहे. जून असला तरी प्रत्येकासाठी वारा अडवणारे जाकीट घ्या.

तारखा ठरवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहा. बाबा कोकणाशी परिचित असतील तर त्यांना हा हिशेब लगेच कळेल. मुंबईप्रमाणेच ब्रायटनलाही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, आणि म्हणून ओहोटी सकाळी सहा-सातला व संध्याकाळी सहा-सातला असते. त्या दिवसांत पाणी पाच-सहा मीटरने खाली उतरते, गोट्यांच्या पायथ्याशी ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि मुलांना फावडे-बादली वापरता येते. अष्टमीच्या सुमाराला हे उलटते, सकाळी आणि संध्याकाळी भरती असते, आणि बांधावरून आईंना दोन्ही बाजूंना पाणी दिसते. मुलांच्या वाळूसाठी पहिले दिवस निवडावेत की आईंसाठी दुसरे, हे आपण घरी बसून ठरवा. बाबांना दोन्ही चालतील.